थायमोसिन आणि कुपीवरची चिठ्ठी

श्रोतेहो, कामगार चळवळीतला माणूस वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर चढला म्हणजे तो बोनस, महागाई किंवा कामगार कायदा यांपैकी एखाद्या विषयावर बोलणार, असे आपण धरून चालता. आणि ते स्वाभाविकच आहे. आज मात्र आम्ही छातीच्या हाडामागे दडलेल्या एका लहानशा ग्रंथीविषयी आणि तिच्यातून हाती आलेल्या एका द्रव्याविषयी बोलणार आहोत. आम्ही डॉक्टर नाही. आमचे शिक्षण रात्रशाळेत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झालेले. परंतु कारखान्यांच्या फाटकांवर आयुष्य घालवताना एक सवय आमच्या अंगी बाणली आहे. पिंपावर, गोणीवर, बाटलीवर जी चिठ्ठी डकवलेली असते ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. पुष्कळदा माणसाचा जीव त्या शेवटच्या ओळीत असतो.

अलीकडे अशीच एक चिठ्ठी आमच्यापुढे वारंवार येऊ लागली आहे. व्यायामशाळेत जाणारी तरुण मुले, दीर्घ दुखण्याने गांजलेल्या रोग्यांचे नातेवाईक, असे लोक काचेची एक इवलीशी कुपी पुढे करतात. तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी. वर नाव ‘थायमोसिन अल्फा-१’. विकणारा तोंडाने सांगतो की याने रोगप्रतिकारशक्ती वाढते. आणि चिठ्ठीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले असते, ‘केवळ प्रयोगशाळेतील संशोधनासाठी. मानवी वापरासाठी नाही.’ मग प्रश्न येतो, “भाऊ, हे औषध आहे की नाही?”

या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दाचे उत्तर देऊन भागत नाही. एकच द्रव्य एका कुपीत औषध असते आणि दुसऱ्या कुपीत नसते. हे कोडे उलगडायचे तर प्रथम त्या ग्रंथीची ओळख करून घेतली पाहिजे.

यौवनलोपी ग्रंथी

आपल्या छातीच्या मधोमध जे उभे हाड आहे त्याच्या मागे, हृदयाच्या किंचित वर, ही थायमस ग्रंथी असते. तिचे दोन खंड असतात. जन्मतः तिचे वजन दहा-पंधरा ग्रॅम भरते, वयात येईपर्यंत ती तीस-चाळीस ग्रॅमपर्यंत वाढते आणि तेथून पुढे तिची जागा हळूहळू चरबी घेऊ लागते. आपल्या कोशकारांनी तिला ‘यौवनलोपी ग्रंथी’ असे मोठे अर्थवाही नाव दिले आहे. तारुण्याबरोबर लोप पावणारी, ती यौवनलोपी.

प्राचीन ग्रीक वैद्यांना ती ठाऊक होती. पण तिचे काम काय, हे विसाव्या शतकाचा निम्मा भाग सरेपर्यंत कोणालाच कळले नव्हते. न कळणे हा काही गुन्हा नव्हे. परंतु न कळलेल्या गोष्टीवर घाईने उपचार सुरू झाले, आणि त्याची किंमत तान्ह्या मुलांनी मोजली. ती हकिगत आम्हांला विशेष महत्त्वाची वाटते, कारण तिचे मूळ गरिबीत आहे.

शरीरशास्त्र शिकायचे तर मृतदेह लागतात. ते कोणाचे? इंग्लंडात १८३२ साली कायदा झाला, आणि गरीबखान्यांत व इस्पितळांत मरणाऱ्यांपैकी ज्यांच्या देहावर हक्क सांगायला कोणी आले नाही, ते देह विच्छेदनाच्या टेबलावर जाऊ लागले. इतर देशांतही थोड्याफार फरकाने हेच चालत असे. म्हणजे डॉक्टर मंडळी ज्या देहांवर शिकली ते उपाशी, दुखणाईत, कष्टाने झिजलेल्या माणसांचे देह होते. आता थायमस ग्रंथीचा स्वभाव असा, की उपासमार आणि दीर्घ आजार यांनी ती सर्वांत आधी आकसते. गरिबांच्या देहांत ती लहान दिसे; आणि ती लहान असणे हेच निरोगीपणाचे लक्षण, असा समज रूढ झाला.

पुढे एखादे सुखवस्तू घरातले, चांगले पोसलेले मूल झोपेत अचानक दगावले आणि त्याचा देह उघडून पाहिला, तर ग्रंथी मोठी दिसे. वास्तविक तीच तिची खरी वाढ. परंतु डॉक्टरांनी निष्कर्ष काढला की, वाढलेल्या ग्रंथीनेच मुलाचा घास घेतला. व्हिएन्नाच्या पाल्टाउफ यांनी १८८९ साली या काल्पनिक रोगाला एक भारदस्त लॅटिन नावही बहाल केले. रोगाला नाव मिळाले म्हणजे उपचार मागोमाग येतोच. अमेरिकेत तान्ह्या मुलांच्या छातीवर क्ष-किरणांचा मारा करून ग्रंथी आकसवण्याची पद्धत पडली. ब्रिटनमधल्या चौकशी समितीने १९३१ साली असा कोणताही रोग असल्याचा पुरावा नाही असे सांगितले, तरी ही पद्धत पुढे कित्येक वर्षे चालूच राहिली. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहर परिसरात १९२६ ते १९५७ या काळात असे किरण दिलेल्या अडीच हजारांहून अधिक मुलांचा पुढे माग ठेवण्यात आला. त्यांच्या सख्ख्या भावंडांशी तुलना करता त्यांच्यात गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग कितीतरी अधिक आढळला.

डॉक्टर दुष्ट होते असे आम्ही म्हणत नाही. त्यांचा हेतू मुले वाचवण्याचाच होता. परंतु चांगला हेतू, वजनदार नाव आणि अधिकारी माणसाचा शब्द, ही तिन्ही एकत्र आली तरी ती पुराव्याची जागा घेऊ शकत नाहीत. हे सूत्र ध्यानात ठेवा. पुढे कुपीकडे वळल्यावर ते उपयोगी पडेल.

ग्रंथीची शाळा

तिचे खरे काम १९६१ साली उघडकीस आले. जॅक मिलर हे तिशीतले संशोधक लंडनमध्ये उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगावर काम करीत होते. मोठ्या उंदराची थायमस काढून टाकली तरी विशेष काही बिघडत नाही, हे पूर्वीपासून माहीत होते. म्हणून ती निरुपयोगी ठरली होती. मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या पिलांची ग्रंथी काढली. ती पिले काही आठवडे बरी दिसली, मग खंगू लागली आणि संसर्गाने मरू लागली. त्यांच्या रक्तात लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी फार थोड्या होत्या. त्यांच्या अंगावर दुसऱ्या जातीच्या उंदराची कातडी लावली तरी त्यांचे शरीर ती परकी म्हणून झिडकारीत नसे. आपले कोण आणि परके कोण, हे ओळखण्याची शक्तीच त्यांच्यात आली नव्हती.

आज आपल्याला माहीत आहे ते असे. हाडांच्या मगजात तयार झालेल्या कोवळ्या पेशी रक्तातून थायमसमध्ये येतात. तेथे त्यांची दोन प्रकारची परीक्षा होते. जिला शरीराच्या पेशींवरची खूणच वाचता येत नाही, ती नापास. जी शरीराच्या स्वतःच्या घटकांवरच तुटून पडते, तीही नापास; आणि या शाळेत नापास होणे म्हणजे मरणे. आत शिरलेल्यांपैकी शंभरात पाच पेशीही बाहेर पडत नाहीत. ज्या पडतात त्यांना थायमसच्या आद्याक्षरावरून ‘टी पेशी’ म्हणतात. विषाणूंनी ग्रासलेल्या पेशी हुडकणे, बाकीच्या संरक्षक पेशींना हुकूम सोडणे, ही कामे त्यांची. एड्सचा विषाणू माणसाला का खचवतो? तो याच पेशींपैकी हुकूम देणाऱ्या पेशी मारतो म्हणून.

मोठ्या वयात ही ग्रंथी अगदीच निरुद्योगी बसते असेही नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेत ती वाटेत येते, म्हणून कित्येकदा काढून टाकतात. अमेरिकेतल्या बोस्टनच्या डॉक्टरांनी २०२३ साली अशा प्रौढ रोग्यांची तुलना, शस्त्रक्रिया झालेल्या पण ग्रंथी शाबूत असलेल्या रोग्यांशी केली. पाच वर्षांत ग्रंथी काढलेल्यांपैकी शेकडा ८.१ दगावले, इतरांपैकी शेकडा २.८.

आणि उपासमारीचे काय? ते आजही तसेच आहे. कुपोषित बालकाची थायमस आकसते, आणि साध्या जुलाबाने किंवा गोवराने ते मूल दगावते, त्यामागचे हे एक कारण आहे. पोटभर आहार मिळू लागला की ग्रंथी पुन्हा भरू लागते. मात्र वजन भरून आले तरी ती काही काळ मागे रेंगाळते. लहान मुलाची प्रतिकारशक्ती वाढवण्याचा निर्विवाद सिद्ध झालेला एक उपाय त्याच्या ताटात आहे, ही गोष्ट महागड्या कुप्यांच्या गर्दीत विसरली जाऊ नये.

वासराच्या ग्रंथीतून काचेच्या कुपीत

मिलर यांच्या शोधानंतर ओघानेच पुढचा प्रश्न आला: या ग्रंथीत असे कोणते द्रव्य आहे, जे पेशींना शहाणे करते? न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयात ॲलन गोल्डस्टाइन आणि अब्राहम व्हाइट यांनी वासरांच्या थायमस ग्रंथींचा अर्क काढला आणि १९६६ साली त्यातल्या क्रियाशील भागाला ‘थायमोसिन’ हे नाव दिले. हे एक द्रव्य नव्हते. अनेक लहानमोठ्या द्रव्यांचे ते कडबोळे होते. त्यातून १९७७ साली एक द्रव्य शुद्ध रूपात वेगळे करून त्याची घडण वाचण्यात आली. तेच थायमोसिन अल्फा-१.

हे एक पेप्टाइड आहे. प्रथिने ज्या ॲमिनो अम्लांची बनतात, त्यांचीच आखूड माळ म्हणजे पेप्टाइड. या माळेत २८ मणी आहेत. त्याच अर्कातून निघालेले दुसरे एक द्रव्य थायमोसिन बीटा-४; त्याची माळ ४३ मण्यांची. गंमत अशी की, हे दुसरे द्रव्य थायमसची मिरास नाहीच. शरीरातल्या जवळजवळ सर्व पेशींत ते सापडते आणि पेशीचा सांगाडा उभारण्याच्या कामात भाग घेते. दोघांचे आडनाव एक, पण धंदे निराळे. नावावरून माल ओळखू नये, तो असा.

आता ही माळ बनवायला वासराची गरज उरलेली नाही. अमेरिकेच्या ब्रूस मेरिफील्ड यांनी १९६३ साली पेप्टाइड बनवण्याची नवी रीत प्रसिद्ध केली आणि तिच्यासाठी त्यांना १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रेझिनच्या बारीक दाण्याला पहिला मणी चिकटवायचा, मग दुसरा, मग तिसरा. दर वेळी उरलेसुरले रसायन धुऊन टाकायचे. शेवटी तयार माळ दाण्यापासून सोडवून घ्यायची. आता हे काम यंत्र करते.

गिरणीत काम केलेल्या माणसाला येथे लगेच शंका येईल: धागा मध्येच तुटला तर? श्रोतेहो, हिशेब करून पाहा. २८ मण्यांच्या माळेत २७ जोड येतात. समजा, प्रत्येक जोड शंभरापैकी नव्याण्णव वेळा बिनचूक बसला. कोणीही म्हणेल, उत्तम काम! पण ०.९९ ला ०.९९ ने असे सत्तावीस पदांचे गुणत गेले, तर उत्तर येते सुमारे ०.७६. म्हणजे शंभर माळांपैकी २४ माळांत कोठेतरी मणी गळालेला. जोड शंभरापैकी अठ्ठ्याण्णव वेळा बसला, तर धड माळा उरतात अवघ्या ५८. ही मोडकी माल वेगळी काढणे, हेच या धंद्यातले खरे कष्टाचे आणि खर्चाचे काम. ते नीट झाले की नाही, हे बाहेरून दिसत नाही. चांगली भुकटीही पांढरी आणि वाईटही पांढरीच.

म्हणून कुपीबरोबर शुद्धतेचा दाखला येतो: ‘शेकडा ९८’. हा आकडा खोटाच असतो असे नव्हे. पण तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे पाहिले पाहिजे. भुकटीत जेवढे पेप्टाइड आहे, त्यापैकी मुख्य माळ किती, एवढेच तो सांगतो. भुकटीत पाणी किती आणि क्षार किती, हे त्यात येत नाही. त्यामुळे पाच मिलिग्रॅम लिहिलेल्या कुपीत खरे पेप्टाइड त्याहून कमी असू शकते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जंतूंच्या आवरणाचे अवशेष त्यात आहेत काय, याबद्दल तो आकडा मुका असतो.

या अवशेषांना एंडोटॉक्सिन म्हणतात. जंतू मेला तरी ते उरतात, साध्या उकळण्यानेही जात नाहीत, आणि सुईवाटे रक्तात शिरले तर अत्यल्प मात्रेतही हुडहुडी भरून ताप येतो. मात्रा वाढली तर रक्तदाब कोसळतो. म्हणून टोचण्याच्या औषधांसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे ताशी ५ एकके अशी मर्यादा घातलेली आहे आणि त्याची तपासणी होते. संशोधनासाठी विकलेल्या कुपीवर ही तपासणी करण्याचे बंधन नसते, कारण ती टोचण्यासाठी नसतेच.

मग अशी कुपी असते तरी कशासाठी? तिचा उपयोग मोठा आहे. संशोधक काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर तिच्यातले द्रव घालून पाहतात. कोणत्या पेशी जाग्या होतात, कोणते रसायन सोडतात, हे मोजतात. उंदरांवर प्रयोग करतात. माणसाच्या रक्तात हे पेप्टाइड किती आहे हे मोजताना वजनाच्या काट्यातल्या मापासारखी ती वापरतात. चांगला संशोधकसुद्धा चिठ्ठीवर डोळे मिटून विश्वास ठेवीत नाही. कुपीत एंडोटॉक्सिन असेल, तर बशीतल्या पेशी त्यानेच खवळतील आणि श्रेय मात्र थायमोसिनला जाईल, हे तो जाणतो. तो आधी कुपी तपासतो, मग तिच्याकडून उत्तर घेतो. कुपी चुकली तर त्याचा प्रयोग फसतो. तीच कुपी माणसाच्या दंडात रिती केली आणि ती चुकीची निघाली, तर फसतो तो माणूस.

प्रयोगशाळेपासून खाटेपर्यंत

येथे कोणी म्हणेल, “पण काही देशांत हे औषध म्हणून मिळते ना?” मिळते. याच २८ मण्यांच्या माळेला ‘थायमाल्फासिन’ असे औषधी नाव आहे, आणि इटली, चीन यांसह काही देशांनी प्रामुख्याने ‘ब’ प्रकारच्या काविळीसाठी ते मंजूर केले. ते जंतुरहित स्थितीत तयार होते, प्रत्येक घाणीची तपासणी होते आणि डॉक्टर मात्रा ठरवतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मात्र २०२५ पर्यंत त्याला बाजारात औषध म्हणून मंजुरी दिलेली नव्हती.

आणि मंजूर औषध एका रोगावर चालते म्हणून ते सगळ्यावर चालेल काय? याचे उत्तर देणारी एक हकिगत आहे. रक्तात जंतुसंसर्ग पसरून अवयव निकामी होऊ लागतात त्या अवस्थेला सेप्सिस म्हणतात. चीनमधल्या सहा इस्पितळांत ३६१ रोग्यांवर झालेली एक चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. अठ्ठावीस दिवसांत, थायमोसिन दिलेल्यांपैकी शेकडा २६ दगावले आणि न दिलेल्यांपैकी शेकडा ३५. आशा वाटावी असाच हा फरक होता. पण रोगी थोडे होते, आणि एवढा फरक योगायोगानेही पडू शकला असता. म्हणून २२ इस्पितळांत १,१०६ रोगी घेऊन मोठी चाचणी झाली. निम्म्यांना थायमोसिन, निम्म्यांना तसेच दिसणारे पण औषध नसलेले द्रव. आणि कोणाला काय दिले हे ना रोग्याला ठाऊक, ना उपचार करणाऱ्या डॉक्टरला. २०२५ च्या जानेवारीत निकाल प्रसिद्ध झाला. दगावले ते एकीकडे शेकडा २३.४, दुसरीकडे शेकडा २४.१. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच.

या निकालाने कोणाचे पितळ उघडे पडले असे आम्ही मानत नाही. उलट, विज्ञानाने आपले काम चोख केले. आशा होती, ती तपासली, आणि जे आढळले ते छापले. परंतु विचार करा. पहिल्या निकालाचा आकडा ऐकून कोणी कुपी विकत घेतली असती, तर त्याला दुसरा निकाल कोणी सांगितला असता? विकणारा खासच नाही.

शेवटच्या ओळीचा हिशेब

आता चिठ्ठीच्या शेवटच्या ओळीकडे येऊ. ‘मानवी वापरासाठी नाही’ हे शब्द संशोधकाला विकताना प्रामाणिक असतात. तेच शब्द छापून कुपी व्यायामशाळेत विकली, म्हणजे त्यांचा अर्थ पालटतो. तेव्हा ती सूचना उरत नाही. ती जबाबदारी झटकण्याची सोय बनते. ठेकेदार मजुराकडून ‘अपघात झाल्यास मालक जबाबदार नाही’ अशा कागदावर अंगठा घेतो, तोच हा कागद. तोंडाने म्हणायचे ‘टोचून घ्या’, आणि छापून ठेवायचे ‘टोचू नका’.

जबाबदारी कोणाच्या गळ्यात पडते, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात घडले. तेथील एसेंडन या नामांकित फुटबॉल क्लबने २०१२ च्या हंगामात खेळाडूंना सुया टोचण्याचा कार्यक्रम राबवला. खेळाडूंनी सह्या केलेल्या संमतिपत्रांवर नुसते ‘थायमोसिन’ असे लिहिलेले होते. अल्फा की बीटा की आणखी काही, यावर पुढे मोठा वाद झाला. क्लबला २०१३ साली वीस लाख डॉलरचा दंड झाला. आणि १२ जानेवारी २०१६ रोजी खेळांच्या आंतरराष्ट्रीय लवादाने निर्णय दिला की, ३४ खेळाडूंनी बंदी असलेले थायमोसिन बीटा-४ घेतले. त्यांच्यापैकी जे अद्याप मैदानावर होते त्यांचा तो सबंध हंगाम बुडाला. आपण काय घेतो याची पुरेशी चौकशी त्यांनी केली नाही, असे लवादाने म्हटले. आमच्या दृष्टीने खेळाडू हाही कामगारच. सुई कामावर ठेवणाऱ्याने आणवली; पण ती ज्याच्या दंडात गेली त्याची सुटका झाली नाही.

आपल्याकडे १९४० चा औषध कायदा आहे; औषध बनवायला आणि विकायला परवाना लागतो. नवीन औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम आहेत. चाचणीत भाग घेणाऱ्या माणसाला सर्व धोके समजावून सांगून त्याची संमती घ्यावी लागते, नीतिसमितीची देखरेख असते, चाचणीमुळे इजा झाली तर फुकट उपचार आणि नुकसानभरपाई द्यावी लागते. हे हक्क सहज मिळालेले नाहीत. आणि संशोधनाची कुपी घरी टोचून घेणारा माणूस स्वतःवरच प्रयोग करीत असतो. पण या हक्कांपैकी एकही त्याच्या पदरात नसतो. त्याची नोंद नाही, त्याच्यावर देखरेख नाही, भरपाई नाही. त्याला गुण आला तरी शास्त्राला काही कळत नाही आणि अपाय झाला तरी कळत नाही.

कारखान्यासाठी असलेला माल रोग्याच्या तोंडी गेला म्हणजे काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. १९८६ च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात रोग्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले आणि १४ रोगी दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली. तेथे रोग्यांना काहीच ठाऊक नव्हते. बाटली त्यांच्यापर्यंत येण्याआधी ज्यांनी तपासायची त्यांनी तपासली नाही. आज आपल्या हाती आलेल्या कुपीवर निदान चिठ्ठी तरी खरे बोलते आहे. ती न वाचणे आपल्याला परवडणारे नाही.

तेव्हा “भाऊ, हे औषध आहे की नाही?” या प्रश्नाला आमचे उत्तर असे. थायमोसिन अल्फा-१ हे खोटे द्रव्य नव्हे. त्यामागे साठ वर्षांचे खरे संशोधन आहे. पण तुमच्या हातातली कुपी औषध नव्हे. तिच्यात माल कोणता आणि किती, तो जंतुरहित आहे काय, याची हमी तुम्हांला कोणी दिलेली नाही. ती टोचून घेऊ नका. आधी घेतली असेल तर लाजेने लपवू नका; कुपी आणि चिठ्ठी घेऊन सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांकडे जा. घरात गंभीर दुखणे असेल, तर त्यावर देशात कोठे रीतसर चाचणी चालू आहे काय, हे त्यांना विचारा. अशा चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही आपल्याकडे २००७ पासून आहे आणि ती कोणालाही पाहता येते. आणि व्यायामशाळेत कोणी कुपी पुढे केली, तर त्याच्याकडून एवढेच मागा: चिठ्ठीवरची शेवटची ओळ खोडून तेथे ‘हे माणसासाठी आहे आणि जबाबदारी माझी’ असे स्वतःच्या सहीने लिहून द्या. तो लिहून देणार नाही. मग आपणही दंड पुढे करायचा नाही.